नेच्याच्या पानातल्या शिरा मोजायच्या कशा आणि त्यातून कळतं काय?

अधूनमधून विज्ञानाच्या सदरात एखादी बातमी दिसते: जीवाश्म पानांच्या शिरा मोजून शास्त्रज्ञांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीची जंगलं हवेत किती पाणी सोडत असतील याचा अंदाज बांधला. वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच. दगडात दबलेल्या पानावरच्या रेघा मोजायच्या आणि त्यावरून पाण्याचा हिशोब मांडायचा, हे जमतं कसं? आणि अशा बातम्यांत नेच्यांचं, म्हणजे फर्नचं, नाव पुन्हा पुन्हा का येतं?

सगळा हिशोब एका भागाकारावर उभा आहे. पानाच्या एखाद्या तुकड्यातल्या सगळ्या शिरांची लांबी मोजायची आणि तिला त्या तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागायचं. जो आकडा येतो त्याला शिराघनता म्हणतात. तिचं एकक मिलिमीटर प्रति चौरस मिलिमीटर. ही एक संज्ञा लक्षात राहिली तरी पुढचं सगळं समजेल. भागाकार शाळकरी मुलालाही येईल. पण त्यातून आपण नक्की काय मोजतो हे कळायला पानाच्या आत शिरावं लागतं. मला हा सगळा विषय आवडतो तो त्याच भागासाठी.

## शिरेपाशी पाण्याचा प्रवास संपत नाही

शिरेत दोन प्रकारच्या नळ्या असतात. जलवाहिन्या मुळांकडून आलेलं पाणी पानात आणतात, रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर बाहेर नेतात. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. त्यांच्या भिंती लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याने मजबूत झालेल्या असतात, त्यामुळे त्यांतून पाणी सहज वाहतं.

पानाला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. तो आत यावा म्हणून पानावरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात. छिद्र उघडलं की आतली वाफ बाहेर निसटते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. गेलेलं पाणी तेवढ्याच वेगाने भरून निघालं नाही तर पान सुकायला लागतं, रंध्रं मिटतात आणि अन्न बनवण्याचं काम मंदावतं. म्हणजे पान किती अन्न बनवू शकेल याची वरची मर्यादा बऱ्याच अंशी पाणीपुरवठ्यावर ठरते.

आता अडचण अशी, की शीर रंध्रापर्यंत पोचत नाही. शिरेतून बाहेर पडलेलं पाणी शेवटचा टप्पा जिवंत पेशींमधून आणि त्यांच्या भिंतींमधून झिरपत पार करतं. अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकं, पण वाट फार अवघड. नळीतून मीटरभर येणं पाण्याला जमतं, या अर्ध्या मिलिमीटरमध्ये ते अडतं.

ठिबक सिंचनाचं शेत डोळ्यांपुढे आणा. नळीतून पाणी सरसर धावतं, पण नळीपासून रोपाच्या मुळापर्यंत ते मातीतूनच झिरपत जावं लागतं. दोन नळ्या लांब-लांब टाकल्या तर मधली ओळ कोरडी राहते, मग टाकी कितीही मोठी असो. शेतातल्या नळीची एकूण लांबी आपण विचारतो तेव्हा खरं तर आपल्याला हेच जाणून घ्यायचं असतं, की सगळ्यात तहानलेलं रोप नळीपासून किती दूर आहे.

शिराघनतेचंही तसंच आहे. आपण मोजतो लांबी, पण हवं असतं ते अंतर: शिरेपासून रंध्रापर्यंतचं. हे डोक्यात पक्कं असेल तर मोजताना कुठे सावध राहायचं हे आपोआप कळतं.

## आकड्याचं अंतरात रूपांतर

समजा, शिरा एकमेकींना समांतर आहेत आणि दोन शिरांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर आहे. एक मिलिमीटर रुंदीत सरासरी दोन शिरा बसतील, म्हणजे घनता 2. समांतर शिरांसाठी हिशोब इतका सरळ आहे: 1 भागिले घनता म्हणजे दोन शिरांमधलं अंतर.

2009 मध्ये केविन बॉइस, टिम ब्रॉड्रिब, टेलर फील्ड आणि मॅचेय झ्विएनिएत्स्की यांनी आजच्या आणि जीवाश्म वनस्पतींच्या शिराघनता एकत्र मांडल्या. नेचे, सूचिपर्णी आणि इतर फुलं न येणाऱ्या वनस्पतींची सरासरी 1.8 च्या आसपास होती, आणि गेल्या सुमारे 38 कोटी वर्षांत ती फारशी हललेली नाही. फुलझाडांची सरासरी मात्र 8 च्या आसपास, आणि काहींची 25 पर्यंतही जाते.

या आकड्यांवरून शिरांमधलं अंतर काढून पाहा. 1.8 घनतेला दोन शिरांमध्ये साधारण 0.55 मिलिमीटर मोकळी जागा असते, 8 ला 0.125 आणि 25 ला फक्त 0.04. लांबीत सांगायचं तर एक चौरस सेंटिमीटर पानात पहिल्याकडे 18 सेंटिमीटर नळी आहे, दुसऱ्याकडे 80 सेंटिमीटर आणि तिसऱ्याकडे अडीच मीटर. नखाएवढ्या जागेत अडीच मीटर नळी! हे पहिल्यांदा वाचलं की कुणीही हिशोब पुन्हा करून बघेल.

मग शिरा जितक्या जास्त तितकं उत्तम का? तसंही नाही. 2008 मध्ये झेव्हियर नोब्लँ आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरची कृत्रिम पानं बनवली. त्यांत बारीक नाल्या कोरून पाणी सोडलं आणि बाष्पीभवन मोजलं. नाल्या जवळ आणल्या तसं बाष्पीभवन वाढत गेलं. पण दोन नाल्यांमधलं अंतर आणि नालीपासून पृष्ठभागापर्यंतची खोली जवळपास सारखी झाल्यावर नाल्या आणखी दाट करून फारसा लाभ होईना. खऱ्या पानालाही ही मर्यादा आहे. म्हणूनच नुसती शिराघनता पुरत नाही, पानाची जाडीही मोजावी लागते. जाड पानात शीर खोल असेल तर आडवं अंतर कमी असूनही उभं अंतर मोठं राहतं.

## नेच्याची शीर का दुभंगते?

हंसराज या नेच्याची एक पर्णिका, म्हणजे पानाचा एक छोटा भाग, उजेडासमोर धरली की दिसतं: देठाकडून एक शीर निघते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि सगळ्या कडेपर्यंत जाऊन थांबतात. कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. याला मुक्त शिराविन्यास म्हणतात.

या आकृतीचं कारण पर्णिकेच्या वाढीत आहे. नेच्यांमध्ये पान मुख्यतः कडेकडून वाढतं. वाढणारी कड पुढे सरकते आणि शीर तिच्यामागे लांबत जाते. पर्णिका पंख्याच्या आकारात पसरते तेव्हा शिरा एकमेकींपासून लांब जायला लागतात. देठापासूनचं अंतर दुप्पट झालं की कडेची लांबीही दुप्पट होते. त्या दरम्यान प्रत्येक शीर एकदा दुभंगली, तर शिरांची संख्याही दुप्पट होते आणि दोन शिरांमधलं अंतर परत पहिल्याइतकं होतं. एका साध्या नियमावर पान पाण्याची वाट सगळीकडे सारखी ठेवतं. मला हे नेच्यातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

फुलझाडांची पानं वेगळ्या रीतीने वाढतात. त्यांत पेशींची वाढ पानभर चालू राहते, त्यामुळे मोठ्या शिरांच्या मधल्या जागेत नव्या बारीक शिरा विणता येतात. कडेकडून वाढणाऱ्या पानाला ही सवड कमी मिळते. नेच्यांची घनता एका मर्यादेत का राहिली, याचं एक कारण इथे असावं असं मानतात.

सगळे नेचे हंसराजासारखे नसतात. बाशिंग नावाच्या नेच्याच्या पानावर शिरांची चौकटी-चौकटींची उठावदार जाळी दिसते. चौकटींच्या आतही काही शिरा मोकळ्या संपतात. बर्ड्स नेस्ट फर्नमध्ये शिरा जवळपास समांतर जातात आणि अगदी कडेजवळ एका सलग शिरेला मिळतात. एकोणिसाव्या शतकात कारेल प्रेस्ल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1836 मध्ये नेच्यांचं वर्गीकरण करताना या आकृत्यांवर मोठा भर दिला होता. पुढे लक्षात आलं, की जाळी नेच्यांच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे अनेकदा तयार झाली आहे. त्यामुळे जाळी सारखी दिसली म्हणून नातं जवळचं, असं म्हणता येत नाही.

## प्रत्यक्ष मोजणी

शिरा हुबेहूब नोंदवण्याची धडपड जुनी आहे. 1852 मध्ये व्हिएन्नाच्या शाही छापखान्याचे प्रमुख आलोइस आउअर यांनी एका पद्धतीचं पेटंट घेतलं. वाळलेलं पान मऊ शिशाच्या पत्र्यात दाबायचं, उमटलेल्या ठशावरून छपाईचा साचा घडवायचा आणि त्यावरून छापायचं. नेच्याचं पान चपटं आणि कणखर, त्यामुळे या पद्धतीसाठी ते फारच सोयीचं ठरलं. 1855 मध्ये इंग्लंडमध्ये याच रीतीने छापलेला नेच्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

आज पान पारदर्शक करतात. पूर्ण उघडलेलं, निरोगी पान घ्यायचं आणि मधल्या भागातली पर्णिका निवडायची. मागच्या बाजूला बीजाणूंचे पुंजके असतील तर ती पर्णिका टाळायची, कारण पुंजके बहुधा शिरांवरच बसतात आणि त्या झाकून टाकतात. पान ताजं असतानाच त्याचं क्षेत्रफळ नोंदवायचं. मग पर्णिका सोडियम हायड्रॉक्साइडच्या साधारण 5 टक्के द्रावणात ठेवायची आणि द्रावण तपकिरी झालं की बदलत राहायचं. किती वेळ लागेल हे पानावर अवलंबून. नाजूक पान लवकर विरघळू लागतं, चिवट पानाला कित्येक दिवस लागतात. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजून काढतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावू नये. पान धुऊन, सौम्य ब्लीचमध्ये थोडा वेळ ठेवून, पुन्हा धुऊन सॅफ्रॅनिन या लाल रंगात बुडवतात. सॅफ्रॅनिन लिग्निनला घट्ट धरतं, म्हणून फिक्या पानावर शिरा लाल उठून दिसतात.

यानंतर सूक्ष्मदर्शकातून फोटो. फोटोत मोजपट्टी हवीच, तिच्याविना पुढचा एकही आकडा कामाचा नाही. मग संगणकावर शिरांवरून रेषा ओढायच्या. त्यासाठी इमेजजे नावाचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तयार केलं. समजा, फोटोतला भाग 3 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे 6 चौरस मिलिमीटर. त्यातल्या शिरांची लांबी भरली 11.4 मिलिमीटर. घनता 1.9.

एकेक शीर गिरवत बसायचं नसेल तर एक जुनी युक्ती आहे. तिचं मूळ बुफाँ या फ्रेंच अभ्यासकाने 1777 मध्ये मांडलेल्या सुई टाकण्याच्या गणितात आहे. फोटोवर सगळ्या दिशांना रेघा मारायच्या आणि शिरा त्यांना किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं. एकूण 20 मिलिमीटर रेघांवर 24 छेद आले तर दर मिलिमीटरला 1.2 छेद पडले. त्याला पायच्या निम्म्याने, म्हणजे 1.57 ने, गुणलं की 1.88 येतं. शिरा गिरवून 1.9 आलं होतं, इथे फक्त 24 ठिपके मोजले.

नेच्यांच्या बाबतीत मात्र इथे एक खाचखळगा आहे. त्यांच्या शिरा बऱ्याचदा एकाच दिशेने जातात. रेघ शिरांना काटकोनात मारली तर छेद जास्त येतात, समांतर मारली तर एकही येत नाही. म्हणून सरळ रेघांऐवजी वर्तुळं काढावीत. वर्तुळाच्या परिघात सगळ्या दिशा सारख्या प्रमाणात येतात, आणि मोजणाऱ्याचा हात नकळत एका बाजूला झुकण्याचा धोका राहत नाही.

## हे सगळं संगणकच का करत नाही?

करतो, आणि हजारो पानं तपासायची असतील तर त्याच्याशिवाय गत्यंतरही नाही. पण त्याला शीर कळत नाही, त्याला गडद रेघ कळते. पानावरचा केस त्याला शीर वाटतो. रंग नीट न चढलेली शीर त्याच्या लेखी मध्येच तुटते. शिवाय काही नेच्यांत खोट्या शिरा असतात. अँजिओप्टेरिसच्या काही जातींत कडेकडून आत येणाऱ्या रेघा दिसतात आणि त्या दोन खऱ्या शिरांच्या मधोमध असतात. दिसायला हुबेहूब शीर, पण आत पाणी वाहणारी नळीच नाही. त्या धरल्या तर घनता फुगते, आणि पाण्याच्या वाटेबद्दल आकडा काहीच खरं सांगत नाही. जात ओळखणारा माणूस इथे लागतोच.

दुसरी अडचण फोटोच्या स्पष्टतेची. कमी मोठं करून काढलेल्या फोटोत बारीक शिरा दिसतच नाहीत आणि घनता कमी भरते. जाळीदार नेच्यांत हा फरक मोठा पडतो. वेगवेगळ्या भिंगांखाली काढलेले आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

वाळलेल्या नमुन्यांचंही असंच. पान वाळताना आक्रसतं. क्षेत्रफळ 20 टक्क्यांनी घटलं आणि सगळ्या बाजू सारख्याच आक्रसल्या, तर लांबी साधारण 11 टक्क्यांनी घटते. मग शिराघनता जवळपास 12 टक्क्यांनी वाढलेली दिसते, एकही शीर नव्याने न फुटता.

## कमी शिरा म्हणजे मागासलेली वनस्पती का?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो मला खटकतो. शीर फुकट मिळत नाही. लिग्निन बनवायला झाडाला बरीच ऊर्जा ओतावी लागते, आणि शिरेने व्यापलेली जागा प्रकाश पकडायला तितकीशी उपयोगी नसते. दाट जंगलाच्या तळाशी माथ्यावरच्या प्रकाशाचे जेमतेम काही टक्के पोचतात. तिथे प्रकाशच अपुरा असल्यावर पाण्याची नळी चौपट करून अन्न चौपट होणार नाही. तिथल्या नेच्याला 2 ची घनता पुरते. तोच नेचा जास्त उजेडात वाढला तर त्याच्या पानात शिरा दाट येऊ शकतात. म्हणून जातींची तुलना करताना पान सावलीतलं की उन्हातलं, हे लिहिलेलं असायलाच हवं.

2004 मध्ये हॅरल्ड श्नायडर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की आजच्या नेच्यांतली बरीचशी विविधता फुलझाडं पसरल्यानंतर, त्यांच्या सावलीतच, फुलली. आज नेच्यांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. मागे पडलेल्या गटाची ही लक्षणं नव्हेत.

## लांबी कळली, पण जाळं कळलं का?

नाही. दोन पानांची घनता अगदी सारखी असू शकते आणि एकात शिरा मोकळ्या, दुसऱ्यात जोडलेल्या असू शकतात. फरक कीड लागल्यावर कळतो. शेतात एकच नळी शेवटपर्यंत गेली असेल आणि ती मध्ये फुटली, तर पुढचा सगळा भाग कोरडा. नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर पाणी दुसऱ्या वाटेने पोचतं. 2010 मध्ये एलेनी काटिफोरी आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं, की नळी तुटण्याची किंवा पाण्याची गरज जागोजागी बदलण्याची शक्यता धरली तर फाट्यांच्या रचनेपेक्षा वेढ्यांची रचना सरस ठरते.

वेढे मोजायला एक सोपं सूत्र आहे. जिथे शिरा फुटतात, मिळतात किंवा संपतात ते बिंदू मोजा, आणि दोन बिंदूंमधले शिरांचे तुकडे मोजा. तुकड्यांतून बिंदू वजा करून 1 मिळवा. सलग जोडलेल्या जाळ्यात 32 बिंदू आणि 31 तुकडे असतील तर उत्तर शून्य: एकही वेढा नाही, हंसराजाची तऱ्हा. 32 बिंदू आणि 40 तुकडे असतील तर वेढे 9. शिराघनतेच्या शेजारी हा आकडा लिहिला तर नेच्याबद्दल दुप्पट माहिती मिळते, आणि तो काढायला वेगळा फोटोही लागत नाही.

नळीच्या जाडीचा प्रश्नही उरतो. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून सोळापट पाणी वाहतं. घनतेच्या आकड्यात याचा मागमूस नसतो. जाडी समजायला पानाचे आडवे छेद घ्यावे लागतात.

## जीवाश्मावरून जंगलाचं पाणी कसं काढतात?

जीवाश्मात रंध्रं आणि पेशी टिकतीलच असं नाही, पण शिरांची आकृती बऱ्याचदा दगडात स्पष्ट राहते. आजच्या वनस्पतींमध्ये शिराघनता आणि अन्न बनवण्याचा कमाल वेग यांचं नातं ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलं. त्यात नेच्यांपासून फुलझाडांपर्यंत वेगवेगळे गट होते, म्हणून एका बाजूला कमी घनतेची उदाहरणंही मिळाली. नेच्यांचं नाव बातमीत येतं ते या कारणाने: ते या मोजपट्टीचं खालचं टोक पक्कं करतात.

जीवाश्म फुलझाडांच्या पानांत घनता सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीपासून झपाट्याने वाढताना दिसते. 2010 मध्ये बॉइस आणि जंग-उन ली यांनी हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतीत फुलझाडांची बाष्पोत्सर्जनाची क्षमता इतर वनस्पतींइतकी कमी करून पाहिली. उष्णकटिबंध आणखी उष्ण आणि कोरडा झाला, सदाहरित पर्जन्यवनांचा विस्तार आक्रसला. ही प्रतिकृती आहे, प्रत्यक्ष नोंद नाही. आणि शिरांवरून कळते ती क्षमता. त्या पानाने त्या क्षमतेएवढं पाणी खरंच सोडलं का, हे त्या वेळच्या ऊन-पावसावर ठरलेलं असणार.

## हा नियम सगळ्या नेच्यांना लागू पडतो का?

इथे एका गटाला वगळावं लागतं. हायमेनोफायलेसी कुळातले नेचे ओल्या, सावलीच्या खडकांवर आणि खोडांवर वाढतात. त्यांच्या पानाचा पातळ भाग बहुधा एकाच पेशीच्या थराचा असतो. रंग देऊन पारदर्शक करायची गरजच नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की शिरा दिसतात. शिकणाऱ्याने मोजणीचा सराव यांच्यावर करावा.

पण या पानांना पर्णरंध्रं नसतात. पाणी आणि हवा त्यांच्या संपूर्ण पृष्ठभागातून आत-बाहेर होतात. पाऊस आणि धुक्याचं पाणी पान थेट शोषून घेतं, हवा कोरडी झाली की त्याच वेगाने गमावतं. शीर ते रंध्र हे अंतरच इथे नाही. त्यांची शिराघनता काढता येते, 1.5 किंवा 2 असा आकडाही हाती येतो, पण त्यावरून अन्न बनवण्याचा वेग सांगता येत नाही. यांच्या बाबतीत मोजायचं ते पान किती वेगाने भिजतं आणि किती वेगाने कोरडं पडतं, आणि त्यासाठी लागतो तो तराजू.